सोसायटीच्या ॲपमधील ‘चर्चा’: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सोसायटीत दोन विंग, 72 सदनिका आणि मोजायला बसले तर किमान आठ मातृभाषा आहेत: मराठी, गुजराती, कच्छी, सिंधी, तमिळ, मल्याळम, कोकणी आणि भोजपुरी. मुलुंड पूर्वेला हे काही नवलाचे नाही. मी येथे चार वर्षे मानद सचिव आहे, आणि गेल्या एप्रिलमध्ये, म्हणजे 2025 साली, कमिटीने सोसायटीचा कारभार चालवण्यासाठी एक ॲप विकत घेतले. दर सदनिकेमागे दरमहा 18 रुपये, म्हणजे जीएसटी धरून वर्षाला साधारण 18,350 रुपये असा त्याचा खर्च आहे. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण घेण्यापूर्वी मी अशी तीन-चार ॲप्स पाहिली होती आणि त्यांची रचना इतकी सारखी होती की पुढे जे लिहितो आहे ते त्यांतल्या कोणत्याही एकाला लागू पडावे.

मेंटेनन्सची बिले, पावत्या, थकबाकीच्या आठवणी, पाहुण्यांसाठी गेटवरचा ओटीपी आणि टेरेसचे आरक्षण ही कामे ॲप चोख करते. खजिनदारांचा महिन्यातला एक रविवार वाचला. याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

आम्ही पैसे मोजले ते मात्र मुख्यतः ‘चर्चा’ या विभागासाठी. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंड पश्चिमेच्या एका इमारतीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत सगळीकडे पसरली, पुढे गुन्हाही नोंदवला गेला, आणि त्या दोन-तीन दिवसांत आमच्या जुन्या मोबाइल ग्रुपवर जे काही लिहिले गेले त्याचे व्रण अजून बुजलेले नाहीत. माझा जन्म लालबागच्या चाळीतला. 1982 च्या गिरणी संपानंतर आमच्या मजल्यावरची बिऱ्हाडे एकेक करून डोंबिवली-बदलापूरकडे गेलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे ‘मराठी माणसाला जागा देत नाही’ हे याच शहरात तोंडावर ऐकावे लागल्याची चीड मला समजते, आणि ती बोलून दाखवणे याला मी अतिरेक म्हणणार नाही. परंतु त्याच रात्री आमच्याच बी विंगमधील एका गुजराती कुटुंबाला, ज्यांची तिसरी पिढी मुलुंडमध्ये वाढते आहे, ‘गाडी पकडा आणि परत जा’ असे त्यांच्याच शेजाऱ्याने लिहिले. अमक्याने काय केले यावरचा वाद तमका कोण आहे यावर घसरतो, तेव्हा तो वाद राहत नाही. ही घसरण थांबवण्याची सोय आपल्या ॲपमध्ये आहे, असे विक्रीसाठी आलेल्या प्रतिनिधीने आम्हांला सांगितले होते. परीक्षण त्या दाव्याचे आहे.

त्या सोयीचा पहिला भाग म्हणजे शब्दांची गाळणी. ती लावल्याच्या तिसऱ्याच दिवशी ए विंगमधील एका काकांनी तक्रार लिहिली की वॉचमन रात्री शिट्टी वाजवत नाही. आमच्याकडचे बहुतेक ज्येष्ठ सदस्य मराठी रोमन लिपीत लिहितात, आणि त्या लिपीत ‘शिट्टी’ची पहिली चार अक्षरे नेमकी एका इंग्रजी अपशब्दाची होतात. ॲपने तो शब्द चांदण्यांनी झाकला. उरलेले वाक्य वाचून वॉचमन रात्री नेमके काय करत नाही याविषयी सदस्यांनी आपापले तर्क लढवले, आणि काकांना दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खुलासा करावा लागला. हे हसण्यावारी नेता येते. मात्र त्याच आठवड्यात ‘काही घरांमुळे बिल्डिंगचे वातावरण बदलत चालले आहे, सुज्ञांस सांगणे न लगे’ हे वाक्य गाळणीतून सहज निसटले, आणि ते निसटणारच होते, कारण त्यात एकही वाईट शब्द नाही. मुंबईत तुच्छता शिवी देऊन व्यक्त होत नाही. ती ‘आपल्यातले’, ‘तसले लोक’, ‘फॅमिली क्राउड’, ‘वास येतो’, ‘संस्कार’ अशा सोज्वळ शब्दांतून चालते, आणि ज्याला उद्देशून ते लिहिलेले असते त्याला ते बरोबर पोचते. सुकट-बोंबलाच्या वासावरची तक्रार ही कधी खरोखर वासाची असते आणि कधी नसते. हे तक्रारदार कोण आणि शेजारी कोण हे माहीत असलेला माणूस एका वाक्यात ओळखतो. शब्दांची यादी ओळखू शकत नाही.

याचा दोष मी एकट्या या ॲपला देणार नाही. 15 मार्च 2019 रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींवर हल्ला करून एका माणसाने 51 जणांचे प्राण घेतले आणि तो हल्ला फेसबुकवरून थेट दाखवला. त्यानंतरच्या पहिल्या 24 तासांत फेसबुकने त्या चित्रफितीच्या सुमारे 15 लाख प्रती काढून टाकल्याचे जाहीर केले. एवढ्या प्रती पकडता येतात, कारण एकदा ओळखलेल्या चित्रफितीचा अंगठ्याच्या ठशासारखा एक ठसा काढून ठेवता येतो आणि नवी प्रत आली की तो जुळवून पाहता येतो. त्या हल्लेखोराच्या डोक्यात जो विचार भरला गेला होता, की ‘बाहेरचे’ लोक संख्येने वाढून ‘आपली’ जागा घेत आहेत, त्याचा मात्र असा ठसा निघत नाही. तो प्रत्येक देशात, प्रत्येक भाषेत, नव्या शब्दांत आणि पुष्कळदा अतिशय सभ्य स्वरात लिहिला जातो. अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपन्यांना जे जमत नाही ते 18 रुपयांत जमेल अशी आमची अपेक्षा असेल तर चूक आमची. प्रतिनिधीने तसे सांगितले नसते तर बरे झाले असते, इतकेच.

दुसरी सोय यांत्रिक भाषांतराची, आणि तिच्याविषयी सांगताना मला अजूनही आमच्या चौथ्या मजल्यावरच्या भय्याजींची क्षमा मागावीशी वाटते. गेल्या वर्षी 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आणली, जूनमध्ये तो सुधारला गेला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्यापाठोपाठ मीरा-भाईंदरमधील दुकानदाराला मराठीवरून मारहाण, व्यापाऱ्यांचा मोर्चा, 5 जुलैचा वरळीचा मेळावा आणि 8 जुलैचा मराठी मोर्चा असे सगळे दोन आठवड्यांच्या आत घडले. शहरच तापलेले होते. अशा वेळी भय्याजींनी, जे मूळचे बलियाचे आणि ज्यांच्या दोन्ही मुली मराठी माध्यमात शिकल्या, हिंदीत लिहिले की सोसायटीतल्या सर्व मुलांना ‘मराठी की शिक्षा’ मिळायला हवी आणि त्यासाठी कमिटीने सुटीत वर्ग सुरू करावा. ॲपने त्याचे मराठी केले: ‘मुलांना मराठीची शिक्षा मिळायला हवी.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हे पाचवीतल्या मुलाला ठाऊक असते. भाषांतराखाली मूळ मजकूर पाहण्याचे बारीक बटण होते. पण रागावलेला माणूस बटण शोधत नाही. अर्ध्या तासात 60-65 उत्तरे आली आणि त्यांतल्या एकाने भय्याजींच्या दाराच्या नेमपाटीचा फोटो टाकला. मराठीच्या बाजूने उभा राहिलेला माणूस मराठीचा शत्रू ठरला, आणि त्याची पत्नी दोन दिवस भाजीला खाली उतरली नाही. वर्ग काही सुरू झाला नाही.

ही 60-65 उत्तरे इतक्या वेगाने येण्याचे कारण ॲपच्या तिसऱ्या सोयीत दडलेले आहे. ‘चर्चा’ उघडली की सर्वांत वर ‘सर्वाधिक चर्चेत’ असलेला मजकूर दिसतो. ज्याला जास्त उत्तरे तो वर, आणि वर दिसला म्हणून त्याला आणखी उत्तरे. लिफ्ट दुरुस्तीची सूचना त्या दोन दिवसांत इतकी खाली गेली की पाचव्या मजल्यावरच्या आजी डायलिसिसला निघाल्या तेव्हा लिफ्ट बंद असल्याचे त्यांना दारातच कळले. मोठ्या कंपन्यांनीही हाच हिशोब वापरला आहे. फेसबुकने 2017 मध्ये संतापाच्या चेहऱ्यासह सर्व भावचिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते, आणि संतापाचे ते वजन शून्यावर आणायला 2020 साल उजाडले. तेथे निदान जाहिरातींचे उत्पन्न तरी होते. आमच्या ॲपमध्ये जाहिराती नाहीत. तरीही मजकुराची हीच मांडणी उचलली आहे, ती बहुधा सगळे तसेच करतात म्हणून. हा क्रम बदलून तारखेप्रमाणे करता येतो का, असे मी विचारले असता ती सोय नसल्याचे उत्तर मिळाले. माझ्या मते संपूर्ण ॲपमधील हा सर्वांत अक्षम्य दोष आहे, कारण तो दूर करायला फारसे काही करावे लागणार नाही.

यानंतर मतदानाची गोष्ट. ऑगस्टमध्ये बी विंगमधील 604 ही सदनिका भाड्याने द्यायची होती. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. मुलाकडे बदलापूरला राहतात आणि भाड्यावर त्यांचा औषधपाण्याचा खर्च चालतो. दलालाने आणलेले जोडपे मुस्लिम होते, दोघेही ठाण्यातल्या बँकेत नोकरीला. एका सकाळी नऊ वाजता ‘चर्चा’त मतदान सुरू झाले: ‘604 मध्ये कोणते भाडेकरू यावेत याबाबत सर्वांचे मत घ्यावे का? हो / नाही.’ भाषा बघा. एकही आक्षेपार्ह शब्द नाही, कोणाच्या धर्माचा उल्लेख नाही, आणि प्रत्येकाला प्रश्न समजला. मतदान आपोआप गुप्त ठेवले जाते. मी दुपारी पाहिले तोवर 26 जणांनी ‘हो’ आणि 15 जणांनी ‘नाही’ म्हटले होते. एरवी जिन्यात एकमेकांना डबे देणाऱ्या 26 जणांनी, आपले नाव कोणाला दिसणार नाही या एकाच आश्वासनावर, ते बटण दाबले होते. त्याच वेळी मालकीणबाईंचा फोन आला आणि त्यांनी एकच वाक्य उच्चारले: “सेक्रेटरीसाहेब, घर माझं आणि मतदान तुमचं?”

कायदेशीर बाजू खरे तर सोपी आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी आखून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवण्याआधी सदस्याने सोसायटीला कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 23 तर सदस्यत्वसुद्धा पुरेशा कारणावाचून नाकारू देत नाही. एका सदस्याने अहमदाबादच्या पारशी सोसायटीविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल पुढे केला, ज्यात सदस्यत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरला होता. परंतु ती सोसायटी त्या उपविधीसह नोंदली गेलेली होती, आमच्या उपविधींत असे अक्षरही नाही. मी मतदान काढून टाकले. तेथे ‘ॲडमिनने हटवले’ अशी करडी पट्टी उरली, आणि संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी नेमका कोणाचा माणूस आहे यावर खाली बाकावर चर्चा रंगली. ती तशी तोंडी झाली याचे मला बरे वाटले. बाकावर निदान कोण काय म्हणतो ते दिसते.

कंपनीकडे या मतदानाची तक्रारही केली. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे ऑनलाइन मध्यस्थाने, म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या सेवेने, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि तक्रार, तेव्हाच्या मुदतीप्रमाणे, 15 दिवसांत निकाली काढायची होती. पोच चार मिनिटांत आली, अर्थातच यंत्राकडून. उत्तर 19 व्या दिवशी आले, आणि त्यात म्हटले होते की तपासणीत मार्गदर्शक तत्त्वांचा भंग आढळला नाही. उत्तर देणाऱ्याने मराठी प्रश्न वाचला होता की त्याचे भाषांतर, हे पत्रात लिहिलेले नव्हते.

आता चांगल्या गोष्टीकडे येतो, कारण एक खरोखर चांगली आहे आणि कंपनीला तिची जाहिरात करावीशी वाटलेली नाही. सेटिंगच्या चौथ्या पायरीवर ‘मंजुरीनंतर प्रसिद्धी’ असा पर्याय दडलेला आहे. तो चालू केला की मजकूर लगेच दिसत नाही, आणि तोवर लिहिणाऱ्याला तो मागे घेता येतो. सप्टेंबरपासून आम्ही दररोज सकाळी नऊ वाजता एकदाच मंजुरी देतो. रात्री साडेअकराला लिहिलेला मजकूर सकाळी चहा घेताना लिहिणाऱ्यालाच नकोसा होतो, हा आमचा अनुभव आहे. कित्येक पोस्ट आम्ही हात लावण्यापूर्वीच मागे घेतल्या गेल्या. जुने जाणते लोक ‘रात्र जाऊ द्या’ म्हणत, त्यात एवढे तथ्य असेल असे वाटले नव्हते. सरकारांनी आणि कंपन्यांनीही शेवटी वेगालाच आवर घातला आहे. 2012 साली आसाम आणि म्यानमारच्या नावाखाली खोटी छायाचित्रे फिरली, 11 ऑगस्टला आझाद मैदानात हिंसाचार होऊन दोघे दगावले, आणि त्याच आठवड्यात पुणे-बंगळुरूहून ईशान्येकडील तरुणांचे लोंढे घाबरून गावी निघाले, तेव्हा केंद्राने सामूहिक एसएमएसवर 15 दिवसांचे निर्बंध घालून मर्यादा पाचांवर आणली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. माणसाच्या मनातले विष यापैकी कशानेही कमी झाले नाही. मधे थोडा वेळ मिळाला, आणि पुष्कळदा तेवढा पुरतो.

या पर्यायाला एक किंमत आहे, ती इतर सचिवांनी लक्षात घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली म्हटले की ग्रुपमधील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. परंतु तेथे ॲडमिनच्या हाती मजकूर आधी तपासण्याचे साधन नव्हते. जो रोज सकाळी मंजुरीचे बटण दाबतो त्याने स्वतःला निव्वळ ॲडमिन समजू नये. धर्म, भाषा, जन्मस्थान यांवरून वैर पसरवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आम्ही म्हणून तिघांची समिती केली, आणि तिघे तीन मातृभाषांचे घेतले. गुजराती सदस्या ज्या वाक्यावर बोट ठेवतात त्यात मला काही वावगे दिसलेले नसते, आणि माझ्या काही शंका त्यांना हास्यास्पद वाटतात. सकाळची ती पंधरा मिनिटे मला नऊ महिन्यांतली सर्वांत उपयोगाची वाटली, आणि ती ॲपमध्ये मिळत नाहीत.

शेवटी ज्या सोयीवर कोणीच बोलले नव्हते ती: सदस्यसूची. प्रत्येकाचे नाव, सदनिका, फोन आणि गाडीचा क्रमांक. आडनावावरून शोधण्याची सोय. आणि एका बटणासरशी सारी यादी एक्सेलमध्ये. 604 च्या प्रकरणानंतर एका मुलाने, वय 19, ती यादी उतरवून घेतली आणि आडनावांना रंग देऊन आपल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली. हिरवा, पिवळा, निळा. त्याचे म्हणणे होते की त्याने गंमत केली. वडिलांनी त्याला घेऊन माझ्याकडे येऊन माफी मागितली, आणि मुलगा खरोखर घाबरलेला होता, म्हणून मी पुढे काही केले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. 1993 च्या जानेवारीतल्या दंगलीत आमच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील नावांच्या फळ्यावरून दोन नावे माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने स्क्रू काढून उतरवली होती, आणि त्या जागी दिसणारा लाकडाचा फिकट चौकोन लपवण्यासाठी तेथे पाण्याच्या वेळेची सूचना चिकटवली होती. फळा उतरवता येत होता. ही यादी 72 घरांच्या खिशात आहे.

आम्ही आडनावाचा शोध आणि एक्सेल दोन्ही बंद करून घेतले. त्यासाठी तीन ईमेल आणि एक फोन लागला. हे ॲप घेणाऱ्या सोसायट्यांनी पहिल्याच दिवशी हे दोन पर्याय बंद करावेत, मग मंजुरीचा पर्याय चालू करावा, मतदान आणि भाषांतर दोन्ही बंद ठेवावीत आणि त्यानंतरच सदस्यांना लिंक पाठवावी. हिशोब आणि गेट यांसाठी मी त्याला पाचपैकी चार गुण देईन. ‘चर्चा’साठी दीड, आणि तो दीडही सेटिंगच्या चौथ्या पायरीला. एप्रिलमध्ये नूतनीकरण आहे. कमिटीने ते करायचे ठरवले आहे, मात्र ‘चर्चा’ विभाग वगळून दर कमी करून मागितला आहे. 604 मधले जोडपे सप्टेंबरात राहायला आले. गळतीची त्यांची तक्रार दोन महिने पडून आहे, पण तो दोष प्लंबरचा.

‘शिट्टी’ हा शब्द गाळणीतून वगळावा अशी विनंती एप्रिलपासून कंपनीकडे आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा विचारले, तेव्हा सूचना संबंधित विभागाकडे पाठवली असल्याचे कळले.